ट्रेलरमधलं गुलाबी पाणी

फार्गो, ३ ऑक्टोबर १९९३

व्हर्लिन भावजी,

फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते तुम्ही कबूल करत नाही. म्हणून लिहिते आहे.

तुमचे भाऊ गेल्याला साडेतीन महिने झाले. घर विकलं. सध्या मी कॉरिनच्या तळघरात आहे. लेकीच्या घराला नावं ठेवू नयेत, पण इथे भिंतींनासुद्धा ओल्या मोज्यांचा वास येतो. जावईबापू दाढी करतात आणि सगळे केस बेसिनमध्ये ठेवून कामावर जातात. ते रोज सकाळी मी पुसते आणि मग मला न्याहारी जात नाही. कॉरिन माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलते. "आई, जे-व-ली-स का?" अगं, नवरा गेलाय माझा, कान गेलेले नाहीत!

तिनं माझ्यासाठी म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली बघून ठेवली आहे. मी जाऊन आले. दारातच उकडलेला कोबी आणि फिनेल यांचा एकत्र वास. आत एक बाई चित्राचे तुकडे जुळवत बसली होती, आणि एक मुलगी तिच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला शिसारी आली. एकतीस जानेवारीपर्यंत त्या खोलीचं हो की नाही ते सांगायचं आहे.

मी कॉरिनला सांगितलंय की मी जानेवारीत टेक्सासला जाणार. दरवर्षी मर्लबरोबर जायचे तशीच, गाडीमागे जोडायच्या आपल्या राहत्या ट्रेलरमधून. फक्त या वेळी एकटी. डिसेंबरात डोळ्याचं ऑपरेशन नसतं तर आजच निघाले असते. आता सगळं त्या ट्रेलरच्या पाण्यावर आहे. तो तुमच्या शेडमध्ये उभा आहे आणि शेडला ऊब नाही. नळ्यांत पाणी राहिलं तर थंडीत फुटणार, आणि फुटल्या की वसंत ऋतूपर्यंत कोणी हात लावणार नाही. म्हणजे मी कोबीच्या वासात.

तेव्हा पक्कं गोठायच्या आत एवढं करा. टाकी रिकामी करा. तळाचे दोन्ही कॉक उघडून नळ्या रित्या करा. गिझर गार झाल्याशिवाय त्याचं बूच काढू नका. मग पंपाची नळी न गोठणाऱ्या गुलाबी पाण्याच्या कॅनमध्ये घाला आणि एकेक नळ उघडा, गरम वेगळा, थंड वेगळा, धार गुलाबी होईपर्यंत. संडासाचं पायानं दाबायचं पेडल विसरू नका. बाहेरचा शॉवर तर मुळीच विसरू नका, तो सगळे विसरतात. गुलाबीच आणा. गाडीत घालतात ते हिरवं विष असतं.

झालं की कळवा. खरं काय ते कळवा.

आर्डिस


रोझो, १७ ऑक्टोबर

आर्डिस वहिनी,

काम झालं. धार गुलाबी आली, सगळ्या नळांतून, बाहेरच्या शॉवरमधूनही. त्या शॉवरनं माझ्या बाहीत गुलाबी पाणी ओतलं, ते कोपरापर्यंत गेलं.

आता माझं ऐका. मर्ल एप्रिलमध्ये टेक्सासहून आला तो आजारीच, म्हणून मी त्याला काही म्हणत नाही. पण संडासाची टाकी त्यानं रिकामी केली नव्हती. पूर्ण उन्हाळा ती तशीच शेडमध्ये शिजत होती. मी चाळीस वर्षं डुकरं पाळली आहेत वहिनी, आणि तुम्हाला सांगतो, डुकरं सभ्य असतात. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा शेजारचा आर्लो नुसता बघायला म्हणून आला होता. तो जो गेला, तो परत आला नाही. मी ते कपडे जाळले. आंघोळ तीनदा केली, तरी रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटाच होतो. त्या वासामुळेच, असा माझा संशय आहे.

शिवाय सोफ्यात उंदरांचं घर. तुमच्या टॉवेलाचंच केलेलं, पिवळ्या. आत पाच पिल्लं, उघडी, गुलाबी, वळवळणारी. पुढचं लिहीत नाही.

गुलाबी पाणी अडीच कॅन लागलं. उरलेलं सिंकच्या भोकांत घातलं.

व्हर्लिन


फार्गो, ३० ऑक्टोबर

भावजी,

अडीच कॅन? मर्लना आठ लागायचे. तीस वर्षं मी बघत आले, आठ म्हणजे आठ. आम्ही ते गाडीत भरून आणायचो. अडीच कॅनमध्ये तुम्ही कुठली धार गुलाबी केलीत? बाहीतली?

नेहमीचंच आहे तुमचं. कुंपण निम्मं रंगवायचं, गाडी निम्मी दुरुस्त करायची, आणि विचारलं की "झालं" म्हणायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी तुम्ही आमच्या छताला ठोकलेला पत्रा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या शेतात सापडला होता.

आणि मेलेल्या माणसाची घाण पत्रात वर्णन करून त्याच्या बायकोला पाठवतात का? तुमच्या आईनं तुम्हाला काय शिकवलं कोण जाणे. मर्लनी टाकी रिकामी केली नाही कारण त्यांना उभं राहवत नव्हतं. मला तेव्हा कळायला हवं होतं. मी त्यांच्यावर चिडले होते, सामान आत आणत नाहीत म्हणून. ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

ते पाणी पुन्हा घाला. आठ कॅन आणा.

आर्डिस


रोझो, ९ नोव्हेंबर

वहिनी,

पत्रा वाऱ्यानं गेला होता. त्या वर्षी चर्चचा कळससुद्धा गेला.

आता शांतपणे वाचा. गिझरच्या मागे दोन नळ्यांच्या मधे एक छोटा कॉक आहे. तो फिरवला की पाणी गिझरमध्ये न जाता बाहेरून पुढे जातं. तुमच्या ट्रेलरमध्ये त्या कॉकवरचा कारखान्याचा रंगसुद्धा उडालेला नव्हता. तीस वर्षांत मर्लनं तो एकदाही फिरवला नाही. दरवर्षी तो आख्खा गिझर गुलाबी पाण्यानं भरत होता. सहा कॅन त्याच्या पोटात, दोन नळ्यांत. झाले आठ. मेलेल्या माणसाची चूक काढू नये, मान्य आहे. पण मी जिवंत माणसाच्या शिव्या खातोय, त्याचं काय?

तरी तुम्ही म्हणालात म्हणून परत केलं. बर्फात उताणा पडून. पंप लावल्याबरोबर गुलाबी आलं. आधीच होतं तिथे.

कॉरिनचं पत्र आलं होतं. बरी आहे म्हणते.

व्हर्लिन


फार्गो, १२ डिसेंबर

भावजी,

डोळा झाला. आता मला जावईबापूंचे केस आणखी स्पष्ट दिसतात.

तुमचा कॉक मी त्याच क्रेग जावईबापूंकडून खातरजमा करून घेतला. त्यांनी दुकानात विचारलं. तुमचं बरोबर आहे. हे वाक्य कापून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं, दरवर्षी टेक्सासला पोचल्यावर पहिले तीन आठवडे कॉफी घाण का लागायची ते. गिझरभर तेच! नळ सोडला की फेस यायचा. वास गोडसर, दातांच्या डॉक्टरकडे चूळ भरायला देतात तसा. मर्ल म्हणायचे, "काही होत नाही, पी." मी प्यायचे. एकदा अमरिलोच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उलटी केली, तेव्हा ते म्हणाले, अंडं बाधलं असेल. तीस वर्षं मी त्या माणसाच्या हातचं औषध प्यायले आणि अंड्यांना दोष दिला. हसू की रडू कळत नाही. त्यांना जाऊन सांगायचं तर ते आता कुठे आहेत?

काल चर्चमध्ये लुटफिस्कचं जेवण होतं. ती क्षारात भिजवलेली थुलथुलीत मासळी ताटात हलत होती आणि मला त्या फेसाचीच आठवण आली. ताट तसंच ठेवून उठले. आता तो वास डोक्यातच बसलाय. जानेवारीत पुन्हा त्या नळांतून तेच येणार, या विचारानंच कॉफी नकोशी झालीय. असो. रस्त्यात गोठायचं नसेल तर ते सोसायलाच हवं, ओक्लाहोमा ओलांडेपर्यंत तरी.

अकरा जानेवारीला मंगळवार आहे. दुपारी बाराच्या सुमाराला पोचेन. मी स्वतः गाडी चालवत येणार. कॉरिनला हे आवडलेलं नाही, म्हणून मला फार आवडलं आहे.

आर्डिस


रोझो, २ जानेवारी १९९४

वहिनी,

वाक्य कापून फ्रीजवर लावलं आहे.

कॉफीची काळजी करू नका. या.

व्हर्लिन


फार्गो, १२ जानेवारी

व्हर्लिन,

भावजी लिहायला हात धजत नाही.

काल मी चार तास बर्फातून गाडी चालवत आले. तुमच्या अंगणात तुमची गाडी नव्हती. शेडमध्ये गेले, ट्रेलरचं दार ओढलं, ते निघेना. खालून बर्फानं धरलं होतं. लाथ मारून उघडलं. आत जमिनीवर चार बोटं बर्फ! सिंकखालची कपाटं फुगून उघडी पडली होती. नळ्या लांबीत चिरलेल्या. संडासाचं भांडं दोन तुकडे. आणि त्या बर्फात, माझ्या पलंगापाशी, पाय वर करून एक उंदीर गोठलेला. गालिच्याची घाण, उंदीर, साबणाची वडी, सगळं एकत्र. मला ओकारी आली आणि ओकायला जागा नव्हती.

त्या सगळ्यात एक गुलाबी थेंब नव्हता. पांढरं स्वच्छ विहिरीचं पाणी. म्हणजे तुम्ही काहीच केलं नव्हतंत. दोनदा "झालं" लिहिलंत आणि दोन्हीदा खोटं.

बोटं बधिर झाली म्हणून तुमच्या स्वयंपाकघरात गेले. टेबलावर कॉरिनचं पत्र होतं. अक्षर ओळखीचं, म्हणून वाचलं. "काका, आई तुमचं ऐकेल. ट्रेलर तयार नाही असं काहीतरी सांगा. तिच्याच भल्यासाठी आहे." तर हे होतं तुमचं "बरी आहे म्हणते."

नुसतं "नाही" म्हणाला असतात तर मी भांडले असते आणि विसरले असते. पण मला कॉकची शिकवण दिलीत, माझ्या नवऱ्याला मूर्ख ठरवलंत, माझ्याकडून "तुमचं बरोबर आहे" लिहून घेतलंत आणि ते फ्रीजवर लावलंत! ते तिथे अजून आहे, मी पाहिलं. तुमची मला लुटफिस्कपेक्षा जास्त किळस येते. मर्ल शेवटच्या आठवड्यात म्हणाले होते, "काही लागलं तर व्हर्लिनला सांग." त्यांची आयुष्यात चूक झाली ती कॉकची नाही, ही.

उद्या मी त्या खोलीच्या कागदांवर सही करते आहे. जिंकलात तुम्ही दोघं. उत्तर लिहू नका.

आर्डिस हॉव्हलँड


रोझो, ५ फेब्रुवारी

वहिनी,

लिहू नका म्हणालात. तीन आठवडे नाही लिहिलं. आता सांगण्यासारखं काहीतरी आहे.

गुलाबी पाणी मी घातलं होतं, दोनदा. आणि मीच काढलं. तुम्ही लिहिलं होतं की त्या वासानं कॉफी नकोशी झालीय. मला वाटलं, एकटी बाई एवढ्या लांब निघालीय, तिला दारातून आत पाऊल टाकल्यावर निदान कॉफी तरी चांगली मिळावी. आपल्या विहिरीचं पाणी चांगलं आहे, मर्ललासुद्धा ते आवडायचं. म्हणून शनिवारी, आठ तारखेला, ट्रेलरचा गॅसचा हीटर पेटवला, नळ्या धुऊन काढल्या, फेस जाईपर्यंत धुतल्या. मग टाकी काठोकाठ भरली. गिझरही भरला. विचार असा, की तीन दिवस हीटर चालू ठेवायचा, मंगळवारी तुम्ही येणार, तुम्हीही तो चालू ठेवूनच जाणार.

रविवारी पारा उणे एकेचाळीसवर गेला. त्या थंडीत गॅस टाकीतून वर येत नाही, आतच बसून राहतो. हे मला माहीत आहे, वहिनी. हे मी गावातल्या अर्ध्या लोकांना शिकवलंय. आर्लोला तर मी मूर्ख म्हणालो होतो, त्याच्या मासेमारीच्या झोपडीत असंच झालं तेव्हा. सोमवारी सकाळी गेलो तर हीटर थंड आणि नळ्या टणक. मी घाईनं विजेचा पंखेवाला हीटर आत लावला. नळ्या सुटल्या तशा चिरांमधून फवारे सुरू झाले, कारण पंपाचं बटण मी चालूच ठेवलं होतं. कॉफीसाठी. ते बटण सापडेपर्यंत अर्धी टाकी जमिनीवर होती, विजेचा हीटर भिजून बंद पडला होता, आणि मंगळवारपर्यंत ते पाणी परत गोठलं.

तुम्ही आलात तेव्हा मी गावात नळ्या आणायला गेलो होतो. वाटलं होतं, बारापर्यंत परत येईन आणि तोंड दाखवेन. पावणेएकला आलो. अंगणात तुमच्या चाकांच्या खुणा होत्या.

कॉरिनला मी उत्तर दिलं नव्हतं. तुम्हाला कळवलं नाही, कारण आईलेकीत मी कशाला पडू? ते पत्र टेबलावर होतं, कारण त्याच्या मागे मी नळ्यांची मापं लिहीत होतो. तुम्ही उलटून पाहिलं नाहीत.

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बहात्तर वर्षं या थंडीत काढली आणि उणे चाळीसात पाण्याची टाकी भरणारा माणूस मी निघालो. गावात सांगायची सोय नाही. शेवटी आर्लोला सांगितलं. तो हसला नाही. "हं" म्हणाला आणि हत्यारं घेऊन आला. हसला असता तर बरं झालं असतं.

आम्ही दोघांनी मिळून जुनी प्रत्येक नळी काढली. तो बर्फ हातोडीनं फोडून बादल्यांनी बाहेर नेला. त्यात काय काय निघालं ते या वेळी लिहीत नाही, शिकलो आहे. नव्या नळ्या, नवा पंप, नवं भांडं. गिझर वाचला नाही, तोही नवा. हवा भरून दोन दिवस दाब बघितला, काटा हलला नाही. मग गुलाबी घातलं. अडीच कॅन. आता त्याला मी हात लावणार नाही आणि कोणाला लावू देणार नाही.

तुम्ही सही केली असेल. तरी कळवतो. ट्रेलर तयार आहे.

व्हर्लिन


टेक्सासमधून, २६ फेब्रुवारी

भावजी,

बारा तारखेला मी तुमच्याकडे आले, आपण तासभर अंगणात उभे राहिलो, आणि त्या तासात बर्फ, वारा, गाडीच्या हुकाचं ग्रीस आणि आर्लोचा गुडघा एवढंच बोललो. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात, मी तुमच्याकडे पाहत नव्हते. हॅमचे सँडविच दिलेत, मी "छान" म्हणाले आणि निघाले. आपल्या माणसांना हे असंच जमतं. म्हणून जे बोलायचं होतं ते आता लिहिते आहे, दीड हजार मैलांवरून, जिथून मला तुमचं तोंड दिसत नाही.

सही मी केली होती. नऊ दिवस त्या खोलीत राहिले. सकाळी सात वाजता दारावर टकटक. "आर्डिस, आज आपल्याला कसं वाटतंय?" आपल्याला! जेवणात रोज काहीतरी मऊ. चौथ्या दिवशी त्या मुलीनं माझ्यापुढे चित्राचे तुकडे ठेवले. मी चार जुळवले आणि तिनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात घाण गोष्ट सांगू? मला बरं वाटलं. मी पाचवा शोधायला लागले. त्या दिवसापासून मला माझी भीती वाटायला लागली.

तुमचं पत्र आलं ते मी उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. संध्याकाळी बॅग भरली. कॉरिन आली, दारात उभी राहिली, म्हणाली, "आई, रस्त्यात काही झालं तर?" मी म्हटलं, "झालं तर होईल, पण तिथे टाळ्या तरी कोणी वाजवणार नाही." ती रडली. मी तिला जवळ घेतलं, पण गेले.

रस्त्यात नळाला हात लावला नाही. प्यायला कॅनचं पाणी, संडासात गुलाबी, भांडी कागदाची. आयोवात गारठ्यानं दात वाजत होते, पण नळ्यांचं काही बिघडलं नाही. काल इथे गुलाबी काढून टाकलं. पंधरा मिनिटांत पाणी निवळ झालं. तीन आठवडे नाही, भावजी, पंधरा मिनिटं.

चौदा दिवसांत मला कोणीही विचारलेलं नाही की मी जेवले का.

मी तुम्हाला खोटारडे म्हणाले. लुच्चा ठरवलं. माझ्यासाठी चांगलं पाणी भरणाऱ्या माणसाबद्दल मी लिहिलं की त्याची मला किळस येते. तुमच्या घरात शिरून तुमची पत्रं वाचली, ती वाचतानाही धड वाचली नाहीत. आणि मर्लचे शेवटचे शब्द मी तुम्हाला मारायला वापरले. ते मला सहन होत नाही. मी चुकले. ते पत्र जाळून टाका.

तुमची वहिनी,
आर्डिस


रोझो, ७ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. इथे अजून बर्फ आहे. तुम्ही मेच्या आधी येऊ नका.

बारा जानेवारीचं तुमचं पत्र जाळायला घेतलं होतं. शेगडी पेटलेली होती, झाकण उघडलं, परत एकदा वाचलं आणि जाळवेना. ते सोडून बाकी तुम्ही सांगाल ते करतो.

मर्ल गेल्यापासून गावात सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे. "कसं काय व्हर्लिन", "ठीक", आणि पुढे जातात. तुमची पत्रं येत होती तेवढीच. तुमच्याशिवाय मला बेअक्कल म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

तेव्हा लिहीत जा. तिकडे सगळं छान चाललं असेल आणि लिहिण्यासारखं काही नसेल, तर मलाच शिव्या द्या. पत्र्यावरून सुरू करा.

तुमचा दीर,
व्हर्लिन